चार सेंटिमीटर

बाबांनी घातलेली जमीन
नदीनं चाळीस वसंत चाटून पाहिली.
रुस्नेत पाणी विचारून येत नाही.
मार्चअखेर उंबरा ओलांडतं,
ईल माशांच्या पेट्या तरंगवतं, आठवडाभर मुक्काम करतं,
आणि जाताना खोलीच्या मधोमध
परातभर स्वतःला विसरून जातं.

त्या परातभर पाण्यापायी
मी डब्लिनहून पैसे पाठवले,
मग रजा काढून मागोमाग आलेच.

वायदोतसनं हातोडी घेतली.
खिडकीपाशी ठक, भट्टीपाशी ठक, ठक,
कोपऱ्यात एकदम ढब्ब.
आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं.
ते पेटीवर बसून सिगारेट वळत होते.
"सिमेंट सामुदायिक शेतीचं," ते कागदाकडे बघत म्हणाले,
"रात्रीचं आणलेलं. पाच पोती हवी होती,
तीन मिळाली.
वाळू काय, नदीची. हवी तेवढी."

ढब्ब वाजलं तेवढं फोडून काढलं.
उरलेल्या जमिनीवर दोन दिवस टाचे मारले,
कारण गुळगुळीतावर पातळ थर धरत नाही,
पापुद्रा होऊन सुटतो.
बाबा प्रत्येक घावाला डोळे मिटत होते.
मला वाटलं, धूळ जात असेल.

धूळ तर होतीच.
आईचा व्हॅक्यूम क्लीनर दोनदा गुदमरून बंद पडला.
रात्री जमीन पाण्यानं भिजवली,
पहाटे साचलेलं टिपून घेतलं.
"चमकता कामा नये," बाबा म्हणाले,
"ताप उतरलेलं कपाळ पुसल्यावर दिसतं, तेवढीच ओल."

आणि दारापासून भट्टीपर्यंत ती भेग.
वायदोतस म्हणाला, बुजवू, वरून थर येणारच आहे,
कुणाला दिसतेय.
"वर येईल," बाबा म्हणाले.
"ज्या हिवाळ्यात बर्फानं धक्का मोडला
त्या रात्री ती पडली. बंदुकीसारखा आवाज.
तुला उचलून मी पलंगावर उभं केलं होतं.
तू झोपेतच होतास."
मग स्वतः उठून त्यांनी दोन भिंतींत दोन खिळे ठोकले,
भेगेच्या दोन टोकांना.
उद्या इथून इथं सरळ कापा, म्हणाले.
तिला तिची वाट ठेवा.

रविवारी ओतलं.
पुढे मी, सिमेंटचं दाट पाणी ब्रशनं घासत,
मागे तो, बादल्या रिकाम्या करत,
माझं वाळायच्या आत त्याचं पडायला हवं म्हणून
लहानपणी बर्फावर पळायचो तसे शिव्या देत.
पट्टी फिरली. थापी फिरली.
बाबांनी माझ्या हातातली थापी घेतली,
दोन हात मारले, परत दिली.
"काळ्या पावावर लोणी लावतेस ना? तसं.
कोरं सोडू नकोस. ढीग करू नकोस."
एवढंच.
मी वर बघेपर्यंत ते अंगणात गेले होते,
शेजारणीशी दुसऱ्याच कशावर तरी भांडत.

सोमवारी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत करवत फिरवली.
आठवडाभर ओली पोती, वर प्लॅस्टिक.
पोतं उचलून बघायचा मोह मला रोज झाला,
वायदोतसला नाही, तो मासे धुरी द्यायला गेला होता.

निघायच्या आदल्या रात्री
जिन्यात धप्प आवाज आला, मग लांबलचक शिवी.
धावत गेले. बाबा खालच्या पायरीशी,
एक हात भिंतीला.
अंधारातही न चुकणारं पाऊल
चार सेंटिमीटर आधीच टेकलं होतं.
"जमीन वर आली," ते म्हणाले,
तक्रार मी कुणाकडे नोंदवावी ते न सांगता.
दारही आता घासत होतं, उघडेना.

पहाटे पाचला रंध्याच्या आवाजानं जाग आली.
दार अंगणात, दोन पेट्यांवर आडवं,
खालची कड वर.
बाबा एकेक छिलका काढत होते,
मध्येच थांबून
अंगठा आणि बोटाच्या चिमटीत
चार सेंटिमीटर मोजत होते.