बेहड्याखाली, सकाळी सात

पाहुणे म्हणाले, अगदी कोस्टारिकासारखं आहे हो
तुमचं आंबेखोल.
मी मान हलवली.
कुठली गाडी जाते तिकडे, विचारलं नाही.

गळ्यात खात्याची दुर्बीण, एका डोळ्याने धूसर.
छातीवर बिल्ला : सगुण गवस, निसर्ग मार्गदर्शक.
तीन दिवसांचं शिबिर झालं सावंतवाडीला,
तिथं मला माझ्याच झाडांची नावं शिकवली.

चालताना सांगतो ते सगळं खरं असतं.
हा किंजळ, हा नाणा. हा भेरला माड,
फळ माणसाला खाजतं, पाखराला गोड.
खाली चिखलात रानजायफळाची मुळं,
गुडघे वर काढून
भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांगत.
पलीकडच्या डोंगरावर रबरासाठी यंत्र चाललेलं.
"तो आवाज कसला?"
"तो तिकडचा," मी म्हणतो.

मग बेहडा.
आता हयसर गप ऱ्हवा.

चाळीस फुटांवर ढोली, तोंडाला लिंपण,
लिंपणात चोचीपुरती उभी चीर.
मादी आत.
आम्ही गरुड म्हणतो, शिबिरात धनेश म्हणाले.
वीस मिनिटं कुणी खोकलं नाही.
मग लोहाराच्या भात्यासारखे पंख,
आणि तो उतरला.
गळ्यातून एकेक उंबर वर काढून
चिरेत देत राहिला. एकोणतीस, पाहुण्यांनी मोजले.
सोहोनीबाईंनी चष्मा पुसला.

त्यांची तन्मयी मात्र माझ्याकडे बघत होती.
"काका, आत ती कशी दिसते?"

पिसं झडतात तिची, मी म्हटलं.
नवी येईपर्यंत उडता येत नाही.
तोवर आभाळ म्हणजे ती चीर.

"पण तुम्हाला कसं माहीत?"

बावीस वर्षं झाली. असाच चैत्र होता.
ह्याच्या शेजारचा बेहडा मी पाडला.
रोज एकशे दहा, दुपारची पेज कंत्राटदाराची.
पोकळ झाडाला घनफुटाचा भाव नाही,
खोक्यांच्या फळ्यांना जातं.
कुऱ्हाडीचा आवाज बदलला
तेव्हाच कळायला हवं होतं.
झाड आडवं झालं, ढोली उकलली
आणि ती बाहेर आली, चालत.
एवढं मोठं पाखरू, चालत.
कुणीतरी हसलं.
मीही हसलो असेन.

संध्याकाळी तो आला उंबर घेऊन.
जिथं झाड नव्हतं तिथं, हवेत,
बरोबर तेवढ्याच उंचीवर
थांबल्यासारखा झाला, वळला,
पुन्हा आला.
चार दिवस.
पाचव्या दिवशी मी कामावर गेलो नाही.
एवढंच केलं मी. ह्यापेक्षा जास्त काही नाही.

"बघितलंय एकदा," मी तन्मयीला म्हणतो.
"जवळून?"
"जवळून."

घरी अंगणात सोलकढी. पाचशे रुपये,
वर पन्नास, पोरांना खाऊ म्हणून.
वहीत त्यांनी सुंदर अक्षरात काही लिहिलं.
पुढल्या वर्षी परत कोस्टारिकाला जाणार आहेत.
न राहवून विचारलं,
तिकडे रान दाखवायला कोण असतो?

"असतो कुणीतरी तिथलाच," सोहोनी म्हणाले,
"फार जाणकार असतात ती माणसं.
कुठून कळतं त्यांना, देव जाणे."

असणार, मी म्हटलं,
आणि पेले विसळायला घेतले.