पान एकशे बेचाळीस

मच्छीमार सोसायटीच्या माडीवर आमचं ग्रंथालय.
खालून डिझेलचा वास, बर्फ फोडल्याचे आवाज,
आणि दर पावसाळ्यात पुस्तकांना मिशा फुटतात, हिरव्या.

ही कादंबरी आली तीच मुखपृष्ठाशिवाय.
नाव कुणालाच माहीत नाही,
रजिस्टरात मी लिहिलंय: 'तांडेलाची'.
पान एकशे बेचाळीसवर वादळ आहे.
मागच्या होडीत मेहुणा,
दोन्ही होड्यांमध्ये एक दोर.
मग एकच ओळ:
दोर गेला.
मेहुणा परत येत नाही. तांडेल येतो,
आणि पुढची दोनशे पानं गप्प जाळी विणतो.

समासात मात्र कोणी गप्प नाही.

'खुनी.' निळी शाई, टोच पानापलीकडे गेलेली.
हे आत्माराम येरागी. सख्ख्या भावाशी
विहिरीचा दावा लावलाय, एकोणीस वर्षं झाली.
'नवी जाळी कुठल्या होडीत होती?'
हे बर्फवाले. खाली एक बेरीज अर्धीच सोडलीय.
'बायकोला कोणी सांगितलं? कसं सांगितलं?'
सत्यवती गिरप. पेन्सिल इतकी हलकी
की पान उजेडाकडे धरावं लागतं.
जुझे फर्नांडिसने काहीच लिहिलं नाही.
त्या पानावर तारलीचा एक खवला चिकटलाय फक्त,
आणि पुस्तक त्याने तीनदा नेलंय.

बावीस वर्षं मी हे वाचत आलो, मनात हसत:
परीक्षेला बसलेत बिचारे
आणि समजतायत, आपण पेपर तपासतोय.

परवा बांधणीला द्यायचं म्हणून शिवण उसवली.
आतल्या घडीत, दोऱ्याखाली दबलेले
दोन शब्द: 'भित्रो मेलो.'
त्यातला भ माझा.
असा उलट्या गाठीचा भ निवतीत दुसरं कोणी काढत नाही.
साल विचारू नका.
त्या साली बाबांची होडी दीपगृहाच्या पलीकडे गेली
आणि माझ्या पोटात दुखत होतं.
(दुखत होतं. डॉक्टरांची चिठ्ठी आहे.)

खोडरबर काढला. ठेवला. चहा प्यालो.
तेवढ्यात केळुसकरांची वृषाली आली, नववीतली,
गेल्याच आठवड्यात हे वाचून गेलेली.
माझ्या हातातलं पान तिने उलटं उभं राहूनच ओळखलं.
'काका, सगळी त्येका नावां ठेयतत.
पण दोर कापूक कोयती खंय आसा ह्याच्यात?'

मी पान वाचलं. मागचं वाचलं. त्याच्या मागचं.

ती दुसरं पुस्तक घेऊन गेलीसुद्धा, सही न करता.
खाली सोसायटीचं शटर पडलं,
बर्फाचं पाणी पायरीवरून गळत राहिलं.
मी दिवा लावला
आणि पहिल्या पानापासून शोधायला बसलो.
असेल. असायला हवी.
फळीखाली, गोणपाटात, एखाद्या ओळीत कुठेतरी.