जोडा

ह्या शहराचं नाव नाव.
म्हणजे होडी. वूच.
नद्या होत्या इथे, गिरणीवाल्यांनी त्या
रस्त्यांखाली नळांत कोंबल्या,
तेव्हापासून होडी कोरड्यावरच उभी आहे
आणि पाहुणे विचारतात, पाणी कुठे दिसेल?

माझं दुकान सहा पायऱ्या खाली, तळघरात.
खिडकीतून फक्त पाय दिसतात.
चाळीस वर्षं मी माणसं अशीच ओळखते:
कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाची आतून,
कोण दारासमोर थबकतं
आणि कोण बूट चावत असतानाही चालत राहतं.

शुक्रवारी वीटोल्ड आला. ट्राम डेपोत हिशेब लिहितो.
तपकिरी बूट काउंटरवर ठेवून कुजबुजला,
"आतून चार सेंटिमीटर. बाहेरून कळायला नको."
मी म्हटलं, दोनच्या वर गेलास तर पुढे झुकून चालशील,
नाणं हरवल्यासारखा.
"एकशे ऐंशी लिहून बसलोय," तो म्हणाला,
"त्याखालच्यांना त्या वाचतही नाहीत, बोटानं उडवतात."
आणि तुला कशी हवी?
तो सांगत गेला, माझ्या ब्रशावरचा गोंद वाळला.
साधी, पण फोटोत उठून दिसणारी;
कमावती, पण त्याच्याहून चार झ्लॉटी कमी;
हसरी, पण त्याच्याच विनोदांना;
आधी कुणावर जीव न लावलेली
आणि तरी जीव कसा लावायचा हे पक्कं ठाऊक असलेली.

सोमवारी ओतिलिया.
"टाचा कापा. जितक्या कापता येतील तितक्या."
दातांच्या दवाखान्यात असते, माझ्याहून वीतभर उंच.
दारातून आत येताना मान खाली घालते,
दार तिच्याहून उंच असूनही.
तिनंही आकडा लिहिलाय. सहानं कमी.
तिला न सांगता सगळं कळणारा हवा,
आणि स्वतःचं सगळं सांगणारा;
रडू शकणारा, मात्र तिच्यासमोर नको;
घर असलेला, आई नसलेला...
इथे ती स्वतःच दचकली.
"म्हणजे, आई असू दे. दुसऱ्या गावात."

गोष्ट असती, तर त्याच शनिवारी
ही दोघं एका टेबलाशी बसली असती.
पण हे दुकान आहे.
वीटोल्डच्या समोर दुसरीच कुणी बसली,
कॉफी निम्मी असताना तिला घरून फोन आला.
ओतिलियाचं कळलं नाही.
तिनं बूट नेलेच नाहीत.

मला हसायचा हक्क नाही.
ब्याऐंशी साली दुकानांत साबण मिळत नव्हता,
नवरा मात्र मला मनासारखा हवा होता.
यादी लहान होती: मिशी नको, दारू नको.
लुत्स्यानकडे दोन्ही होत्या.
मिशी वर्षभरात गेली.
दारूला अकरा वर्षं लागली,
आणि ती गेली तेव्हा त्याला सोबत घेऊन गेली.
त्याच्याही मनात कुणीतरी होती,
तिला पियानो यायचा.
कधी रात्री जेवताना तो माझ्या बोटांकडे बघत राहायचा,
सुईनं भोकं पडलेल्या, मेणानं काळ्या झालेल्या,
आणि मला कळायचं,
तो ती पियानोवर ठेवून बघतोय.
मीही मग मुद्दाम
चमचा जरा हळू धरायचे.

ओतिलियाच्या टाचा मी अजून कापलेल्या नाहीत.
कापलेली टाच परत लावता येते,
पण ती लावलेली दिसते.

काल संध्याकाळी खिडकीपाशी पायांच्या दोन जोड्या थांबल्या.
एक बूट दुसऱ्याकडे अर्धा वळला,
परत सरळ झाला, पुन्हा वळला.
मग एका जोडीच्या टाचा जमिनीपासून सुटल्या,
चवड्यांवर तोललेल्या, जरा थरथरत.
कोण किती उंच, ते इथून दिसत नाही.
एकाची नाडी सुटलेली होती.
सांगायला म्हणून मी वर गेले,
सहा पायऱ्या, गुडघा धरत,
तोवर ट्राम आली असावी.