कस

रात्री अडीचला, मिरजेत,
मी हिंदुराव सुर्व्यांच्या मनगटात धमनी शोधते.
शीर नव्हे. जी बोटाखाली उडते, ती.
"दुखेल हं, आबा."
"दुखू दे की. तेजाबानं बोटं मेली,
मनगटाचं काय घेऊन बसलीस."

बोटांची टोकं पिवळी, हळद लागल्यागत,
पण ही हळद धुतली जात नाही.
लेंगऱ्याचा माणूस. चाळीस वर्षं
कोइमतूरच्या एका बोळात
सोनं गाळत, धूर गिळत बसलेला.

सिरिंज आपली आपण भरते.
रक्त काळपट, जांभळं कुस्करल्यासारखं.
बर्फात खुपसून मी धावते,
कारण बाहेर काढलं तरी ते
थोडा वेळ जगत राहतं
आणि आपलाच प्राणवायू खातं.

पट्टी येते: सात पूर्णांक अठ्ठावीस.

साधं पाणी सातावर.
माणूस त्याच्या किंचित वर, सात पूर्णांक चारवर,
आणि तिथून दोन्हीकडे वेस
इतकी जवळ की बोट ठेवायला जागा नाही.

पट्टी मगदूम डॉक्टरांना द्यायची, बोलायचं नाही,
असा नियम आहे.
पण मास्कच्या आतून आबा विचारतात,
"कस किती लागला?"

"थोडं आंबट झालंय रक्त."
"म्हंजे तेजाब?"
"साधं. गोळी सोड्यातलं असतं तसलं.
छातीतली हवा बाहेर पडेना,
ती रक्तात विरघळून बसलीय."

बराच वेळ फक्त यंत्राची फुसफुस.
मग,
"आमी तेजाबावर सोडा मारायचो. मोरीत सोडायच्या आधी.
फसफसायचं, मग गप."
"तोच सोडा आहे आबा, तुमच्या आत.
मूत्रपिंडं राखून ठेवतायत. किती वर्षं झाली."
"मला न सांगता?"
"न सांगता."

ते छताकडे बघतात,
घरातलं कुणी आपल्या नावानं
गुपचूप काही भरत होतं
हे आज कळल्यासारखे.

"चांदी विरघळली की पाण्यात तांब्याचा पत्रा सोडायचा,"
ते म्हणतात. "तांबं घेतं, चांदी टाकून देतं."
मी लोखंडाचं सांगायला जाते.
रक्तातलं लोखंड, जे धरतं पण गंजत नाही,
आणि आंबट लागलं की मूठ सैल सोडतं,
जिथे राबणं जास्त तिथे जास्त.
पण त्यांचा डोळा लागलेला असतो.

लिफ्ट बंद. तीन मजले चढते.
मांड्यांत आंबट भरतं,
जिन्याच्या वळणावर थांबून दोन श्वास सोडते
आणि माझं मी पूर्ववत होते.
कुणाला विचारावं लागत नाही.
आज पहिल्यांदा त्याचं ओशाळं वाटलं.

साडेपाचला पुन्हा मनगट.
रक्त एक छटा उजळ.
सात पूर्णांक चौतीस.

"कस?"
मी सांगते.
आबा पिवळं बोट हलवतात,
आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोन्यापुढे हलवलं तसं.
"बट्टा हाय अजून," म्हणतात,
आणि मास्क नाकावर नीट ओढून घेतात.