बोटभर दार

सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरवर
सत्तावीस वर्षं माझ्या नाकाची नोकरी होती.
दार बोटभर उघडायचं, श्वास घ्यायचा
आणि सांगायचं: परवा.
गाडी परवाच भरायची.
भिंतीवर थर्मामीटर होता. त्याला कुणी विचारत नसे.

तिसऱ्या केमोनंतर जळगावहून परतताना
पुढच्या सीटवर लीलाधरनं बिडी पेटवली.
मला ती आरशात दिसली.
नाकाला पत्ताच नाही.

कोकिळा अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजते.
डोळे झोंबतात, म्हणून कळतं की धूर आहे.
बडगीत मिरची, लसूण कुटल्याचा आवाज येतो
आणि ताटात येतं ते
ओल्या फडक्यासारखं काहीतरी, गरम.
जिभेवर कायम एक गंजका खिळा.
स्टीलचा चमचा तिनं दडवून ठेवला,
नातीच्या भातुकलीतली लाकडी पळी धुऊन दिली.

आहाराच्या ताई म्हणाल्या,
भुकेची वाट पाहू नका, घड्याळ पाहा.
दर दोन तासांनी. अंडं, दाण्याचा कूट, दह्यात साखर.
एकेचाळीस किलो, त्यांनी कागदावर लिहिलं.
म्हणजे दोन बरे घड,
दांड्यांसकट.

एकदा फाटलेलं दूध पिऊन गेलो, पेलाभर.
वर म्हणालो, छान आहे.
तिनं रिकामा पेला हुंगला
आणि बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

तेव्हापासून आधी ती वास घेते, मग सांगते.
एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारी बाई.
"तूप जरासं करपलंय, तुमच्या आईच्या हातचं असायचं तसं."
"कळण्याची भाकर. कणगीत डोकं घातल्यावर येतो ना, तो."
एका वाक्याला एक घास.
वाक्य लांबलं तर दोन.
लिंबू कळतं, मीठ कळतं,
बाकीचं जेवण मी ऐकून गिळतो.

काल लीलाधर एक फणी घेऊन आला.
"काका, दोन नंबरचा माल. कधी काढू?"
नाकाशी धरली. चुना मारलेली भिंत.
रंग पाहिला, देठ दाबला, म्हणालो: परवा.

कोकिळानं पदराला हात पुसला,
फणी घेतली, डोळे मिटले.
"तेरवा."

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

"सत्तावीस वर्षं तुमचे सदरे कोण धुत होतं?" ती म्हणाली.
"घड्याळ बघा. अंड्याची वेळ झाली."