सुपडू तायडेंची नडगी

भुसावळात, जामनेर रोडला, औषधाच्या दुकानावर
माझ्या तीन खाटा.
मधल्या खाटेवर सुपडू तायडे,
रेल्वेच्या ओव्हरहेड तारांवर सत्तावीस वर्षं,
आणि डाव्या नडगीत सात महिने न बुजलेली फट.
प्लॅस्टर झालं, सळई झाली.
डॉक्टर ढाके म्हणाले, आता चुंबकीय क्षेत्र देऊन बघू.
चिठ्ठीवर लिहिलं : रोज चार तास, नव्वद दिवस.
'बघू' लिहिलं नाही.

पायात तोडा घालावा तशी मी कॉइल चढवते.
हिरवा दिवा लागतो.
बस.
ऊब नाही, मुंग्या नाहीत.
"मले काहीच जानवत नही, ताई."
काका, जाणवत नसतंच ते.
"आमचं जानवायचं. पंचवीस हजार व्होल्ट.
तार बंद केली तरी शेजारच्या तारेनं भरून यायची,
हातावरचे केस उभे.
म्हनून आधी अर्थिंगचा दांडा, मग हात.
जे दिसत नही त्याले पहिले रामराम."

दुसऱ्या दिवशी मुलीचं होकायंत्र आणलं,
कॉइलजवळ धरलं.
सुई थरथरली, थरथरतच राहिली.
"हे त नाचतं!"
त्यानंतर होकायंत्र रोज त्यांच्या मुठीत.

मी वाचलेलं त्यांना अर्धंच सांगितलं :
की चालताना हाड दाबलं जातं
आणि स्वतःच चिमूटभर वीज बनवतं,
की पेशींना ती कळत असावी,
की बाहेरून तशीच हाक दिली
तर कधी कधी त्या कामाला लागतात.
उरलेलं अर्धं, की एका चाचणीत
नुसतीच रिकामी कॉइल बांधलेल्यांचंही
जवळजवळ तितकंच जुळलं,
ते मी टेबलाच्या खणात ठेवलं,
रबरी हातोडीशेजारी.

मे लागला. पंख्याखालीही खाटेचं लोखंड तापलेलं.
मुलगी सुट्टीत मावशीकडे यावलला गेली,
दप्तरासकट होकायंत्र.
नऊ दिवसांनी आली.
मी सुई धरली :
हिरवा दिवा चालू,
आणि सुई उत्तरेला, सातपुड्याकडे तोंड करून
गप्प.

केबल आतून तुटली होती. कधी, कोण जाणे.
सांगावं की नाही, चहा गार होईपर्यंत विचार केला.
मग सांगितलं.
ते हसले नाहीत, चिडले नाहीत.
"पक्कड हाये का?"
पाय उशीवर तसाच ठेवून
त्यांनी प्लॅस्टिक सोललं, तांबं पिळलं,
वरून टेप, बोटानं चाचपून पाहिलं.
"जोड हाताले लागला नही पायजे."
सुई पुन्हा नाचली.
नवी केबल जळगावहून येईपर्यंत तोच जोड चालला.

रजिस्टरात त्या नऊ दिवसांपुढे
मी लाल शाईनं लिहिलं : बंद असावी.
"असं कसं लिवता," ते म्हणाले,
"बंद तारेले आम्ही कधी बंद म्हटलं नही."

जूनच्या एक्स-रेत फटीच्या कडेला
दुधाची साय धरावी तसं काहीतरी.
डॉक्टर ढाके फिल्म खिडकीकडे धरून बराच वेळ उभे.
कशानं, हे त्यांनी विचारलं नाही,
मीही नाही.
तायडेंनी फिल्म मागून घेतली,
उलटी धरली, सुलटी धरली,
आणि त्या सायीवर नख ठेवून विचारलं,
"इथं टेप लागंल का?"