काउंट

साखर पेठेतल्या दुकानात लावण्या चिलवेरी
मोबाइलपुढं चादर झटकते.
कोपऱ्यात आकडा : बारा हजार चारशे.
एजन्सीचा पोरगा म्हणतो, बघा मालक, जत्राच!

नरसय्या चष्मा पुसतात.
गड्ड्याच्या गर्दीत निदान धक्का तरी लागतो.
इथं कुणाचं बोट सरकता सरकता अडखळलं,
झाला प्रेक्षक.
कुणी फोन चालू ठेवून झोपलं, तोही.
काही तर जन्मलेच नाहीत,
शेकड्यानं विकत आणलेले.

तासाभरात प्रश्न आला एकच, अक्कलकोटहून :
"रंग जातो का, ताई?"

बिलावर सही करताना नरसय्या बोलले,
आमच्या सुतालाही काउंट असतो, बाळा.
आकडा जितका मोठा
तितका धागा बारीक.

मग लावण्याकडं वळून :
त्या अक्कलकोटच्या माणसाला
उत्तर दिलंस का?